मागच्या सीटवरची गादी

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कुठलीच गोष्ट पहिल्या फटक्यात चांगली म्हटली नव्हती. त्यांना पगारच त्याचा मिळायचा. तयार कपड्यांच्या कारखान्यात त्या तपासनीस होत्या. समोर शर्टांचा ढीग यायचा. प्रत्येकाची कॉलर, काजं, बटणं, शिवणी उलटून-पालटून बघायच्या आणि ज्यात खोट सापडेल त्याला लाल दोरा बांधून शिलाईवाल्यांकडे परत पाठवायचा, हे त्यांचं काम. त्या निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी मी सून म्हणून या घरात आले. शर्ट सुटले, मी सापडले.

भाजीत मीठ कमी. चहा पाणचट. पडदा एका बाजूने बोटभर खाली. मी स्टुलावर चढून मोजायला गेले तर पडदा खरंच बोटभर खाली निघाला, आणि त्याचा मला जास्त संताप आला. माझाही स्वभाव काही लोण्याचा नाही. एक ऐकलं की दोन ऐकवते. आमच्या घरात सकाळ चहाने सुरू व्हायची नाही, चहावरच्या वादाने व्हायची. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपांवर पाळीने काम करतो. वाद रंगात आला की तो बूट शोधायच्या निमित्ताने पलंगाखाली डोकं घालायचा आणि सगळं शांत होईपर्यंत बाहेर काढायचा नाही.

मग सासूबाईंच्या पायाला जखम झाली. चपलेचा खिळा लागला, एवढंच. पण अंगात साखर असली की एवढंही पुरतं. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाआड ड्रेसिंग, तेही इस्पितळातच. इस्पितळ पार दुसऱ्या टोकाला. बसच्या पायऱ्या त्या पायाला चढवेनात आणि भाड्याची गाडी दिवसाआड करणं आम्हाला झेपणारं नव्हतं. राहिली माझी मोटरसायकल.

मी एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. गल्लीत मला सगळे सुईवाली म्हणतात. मोटरसायकल नवऱ्याची जुनी, दणकट, आवाजाने आधी कळवणारी. तिच्या मागच्या सीटवर एरवी माझी नमुन्यांची पेटी बांधलेली असायची. पेटीने कधी तक्रार केली नाही, त्यामुळे ती सीट कशी आहे याचा मी कधी विचारच केला नव्हता.

पहिल्या दिवशी सासूबाई बसल्या. मी हेल्मेट दिलं, त्यांनी आतून वास घेऊन बघितला, नाक मुरडलं आणि घातलं. बांधलेला पाय सायलेन्सरपासून जपून फूटरेस्टवर ठेवला. रस्ता म्हणजे निम्मा खणलेला आणि निम्मा बुजवलेला. ब्रेक लावला की त्या घसरत येऊन माझ्या पाठीवर आदळायच्या, खड्डा आला की वर उडून धपकन खाली बसायच्या. इस्पितळात उतरल्यावर गाडीला धरून त्या बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. बाई आधीच सडसडीत, आजाराने पार वाळलेली. अंगावर मांस असं नाहीच, हाडं तेवढी.

त्या रविवारी मोठ्या दिरांचा फोन आला. ते इस्पितळाच्या समोरच राहतात, लिफ्ट असलेल्या इमारतीत. माणूस चांगला आहे, त्यांच्याबद्दल वावगं बोलायला मला जागा नाही. माझे हात पिठात होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला होता.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले, "आईला त्या मोटरसायकलवर त्रास होत असणार. ती एकदा जरी म्हणाली ना, की झेपत नाही, तर मी त्याच दिवशी गाडी घेऊन येतो. मग कायमचीच इकडे राहू दे. उगाच कशाला हाल?"

"विचारते," मी म्हटलं.

सासूबाई खिडकीपाशी बसून बटण लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पण सुई जागच्या जागी थांबली होती, ते मला दिसलं.

त्यांना तिकडे जायचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मागे एकदा तिकडे राहून आल्या तेव्हा दारातच म्हणाल्या होत्या, "तिथं काही कमी नाही. पण माझं काही कामही नाही." आणि मला त्या जायला हव्या होत्या का? खरं सांगायचं तर भांडणाच्या दिवशी हव्या होत्या, बाकीच्या दिवशी नको. भांडण तर रोजच व्हायचं. तरीपण एका सीटमुळे सासू घरातून जाणार, हे काही मला पटेना. सीटच वाईट ना? मग सीट सुधारू.

जुन्या सोफ्याचा फोम माळ्यावर पडून होता. तो कापला, दुहेरी केला, वर रेक्झिन चढवलं, खालून इलॅस्टिकचे पट्टे लावले. हाताने दाबून बघितलं तर अख्खी मूठ आत गेली. इतकी मऊ गादी की मलाच तिच्यावर डोकं ठेवून झोपावंसं वाटलं. ती सीटवर बांधली, आणि सासूबाईंना घेऊन गेले आणि आले. दारात गाडी थांबवून मी विचारलं, "कशी आहे?" आणि उत्तराची तयारी म्हणून दातओठ आवळून उभी राहिले.

सासूबाई म्हणाल्या, "छान आहे."

मला वाटलं, त्या दुसऱ्या कोणाशी तरी बोलताहेत. मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"म्हणजे, काही दुरुस्ती?"

"काही नको. छान झालीय गादी."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पाळी संपवून नवरा आला तर मी त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत, आधी ही बातमी सांगितली. तो उंबऱ्यातच थांबला. "आई? छान म्हणाली?"

"हो. तुझी आई."

"तिला ताप-बीप नाही ना?"

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. पण तो शहाणा होता आणि मी हवेत होते, हे पुढे कळायचं होतं.

गादी दोन आठवड्यांत चपटी झाली. मग मी बाजारातून हवा भरायची गादी आणली, चौकोनी फुगे फुगे असलेली. आमच्या गल्लीतल्या कुरिअरवाल्याने तशीच लावली होती आणि तो तिच्या नावाने शपथ घ्यायचा. सासूबाई तिच्यावर बसून जाऊन आल्या. "हीसुद्धा छान आहे," म्हणाल्या. "तू फार करतेस गं माझ्यासाठी." हे वाक्य त्या घराच्या भिंतींनी प्रथमच ऐकलं असेल.

आणि गंमत म्हणजे गादीपुरतंच राहिलं नाही. चहाही छान झाला. भाजीही छान झाली. पडदा मी मुद्दाम बोटभर खाली सोडून बघितला, त्यावरही अवाक्षर नाही. मला वाटलं, इतक्या वर्षांनी मी जिंकले. शेजारणींना सांगत सुटले, की आमच्या सासूबाई कशा बदलल्या, माणसाला आजारपणात किंमत कळते, वगैरे. त्या एका कुशीवर झोपू लागल्या होत्या, खुर्चीच्या कडेला वाकड्या बसू लागल्या होत्या, चहा पिताना मध्येच डोळे मिटत होत्या, हे माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. मी रोज लोकांच्या हातातली न दिसणारी शीर शोधून काढते. घरातली सासू मला दिसली नाही.

ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टर धिप्पाड आणि फटकळ. त्यांना बघितलं की रुग्ण आपोआप पाय पुढे करतात. त्या दिवशी पट्टी सोडता सोडता त्या थांबल्या. "आजी, नीट बसा ना. अशा तिरक्या का?"

"बरी आहे मी."

"बघू, वळा."

"काही नाही हो—"

"वळा म्हटलं ना."

पडदा ओढला गेला. मग सिस्टरांनी पडद्यातून डोकं बाहेर काढलं आणि नजरेनेच मला आत बोलावलं. माकडहाडावरची कातडी सोलवटून निघाली होती. भोवती लालभडक.

"साखर असलेल्या बाईला ही दुसरी जखम," सिस्टर म्हणाल्या. "पायाची भरत आणायला आम्हाला किती दिवस लागले, माहीत आहे ना? घरी बघतं कोण?"

"मी बघते," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बाहेर गाड्या लावायच्या जागेपाशी सिमेंटचा कट्टा होता. सासूबाई एका कुशीवर टेकल्या. मी उभीच राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"एवढं सोलवटेपर्यंत तुम्ही गप्प बसलात? तोंडाला कुलूप लावलं होतं? मीठ चिमूटभर कमी पडलं तर अख्ख्या घराला कळतं, आणि कातडी गेली तर छान?"

त्या हातातली पिशवी उगाच नीट करत राहिल्या.

"बोला ना!"

"बोलले असते तर तू फोन लावला असतास," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

"त्याला. ऐकलं ना मी. एकदा जरी म्हणाली झेपत नाही, तर नेतो म्हणाला." मग त्या म्हणाल्या, "खोट निघाली की माल परत जातो गं. मी ढिगाने पाठवलाय. मला नको सांगूस."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी त्यांच्या समोर येऊन उभी राहिले. "आई, तुम्ही काय शर्ट आहात का?"

"शर्टाला बरं, त्याला दुरुस्त तरी करतात."

"आणि चहा? भाजी? ते छान कशासाठी?"

"रोज किरकिर करणारी म्हातारी कोण ठेवून घेईल?" त्या म्हणाल्या. "म्हटलं, गोड राहावं. चहा तर तू गेला महिनाभर गटाराच्या पाण्यासारखा करतेस. पितेय मी."

मला रडू येत होतं, हसू येत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. मी जिंकले म्हणून गावभर मिरवत होते, आणि ही बाई घरात राहता यावं म्हणून माझा चहा गिळत होती. मी कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या हातातली पिशवी घेऊन मीही ती नीट करत राहिले.

डॉक्टरांनी मोटरसायकल बंद सांगितली. कातडी भरेपर्यंत सीटवर बसायचं नाही, कुशीवर झोपायचं, ड्रेसिंग चालूच. म्हणजे मोठ्या दिरांकडे जाण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. फोन मीच लावला, तिथूनच.

"लावलास ना शेवटी," सासूबाई म्हणाल्या.

"जखम भरली की मी न्यायला येणार."

"बघू," म्हणाल्या. लग्नाच्या बाजारात मुलगी बघायला आलेले लोक जसं म्हणतात तसं.

मोठे दीर गाडी घेऊन आले. मागच्या सीटवर उशा रचल्या, आईला हळूच आडवं केलं. माणूस खरंच चांगला. निघताना माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "तू खूप केलंस. आता आमच्यावर सोड." त्यांनी मनापासून म्हटलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

मी रोज संध्याकाळी फोन करायचे. "कसं आहे तिकडे?" "छान आहे." "जेवण?" "छान." "झोप लागते?" "छान लागते." जाऊबाई फोन घेऊन सांगायच्या, "आईंचा काही म्हणजे काही त्रास नाही हो. असतात की नाही हेसुद्धा कळत नाही." त्या कौतुकाने सांगत होत्या आणि इकडे माझा जीव खालीवर होत होता.

घरात शांतता होती. चहा करायचा, प्यायचा, कप विसळायचा. नवऱ्याचे बूट आता पहिल्याच झटक्यात सापडायचे. एकदा तो कप हातात धरून बसला आणि म्हणाला, "पाणचट झालाय का गं जरा?" मी इतक्या आशेने त्याच्याकडे बघितलं की तो घाबरून म्हणाला, "नाही नाही, बरा आहे." त्याच्याने ते काम होणारं नव्हतं.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी मी त्याला म्हटलं, "चल, मला इस्पितळापर्यंत सोड."

"काय झालं?"

"काही नाही. मी मागे बसणार आहे."

लग्नानंतर सुरुवातीला मी त्याच्या मागे बसायचे, पण तेव्हा माझं लक्ष सीटकडे नव्हतं. या वेळी फक्त सीटकडे होतं. हवेची गादी बांधली आणि निघालो. गल्लीच्या टोकापर्यंत राणीसारखी बसले. पहिल्या खड्ड्यात ती गादी डावीकडे कलली, दुसऱ्या खड्ड्यात उजवीकडे, आणि मला पडू नये म्हणून सगळा वेळ मांड्या आवळून बसावं लागलं. परतताना माझी सोफ्याच्या फोमची बांधली. ती आणखी वाईट. हाताला जे मऊ लागत होतं ते अंगाच्या वजनाखाली कागदासारखं दबत होतं आणि खालची कडक सीट थेट हाडाला भेटत होती. शिवाय सीटलाच पुढे उतार. ब्रेक लागला की माकडहाड घासत पुढे. घासत. मी डोळे मिटून त्या जागेवर सासूबाईंना बसवून बघितलं, आणि "थांब, थांब" म्हणून ओरडले.

"खूप लागलं?" नवऱ्याने विचारलं.

"मला नाही," मी म्हटलं. मग रस्त्याच्या कडेला उभं राहून मी रडून घेतलं. तो हेल्मेट हातात धरून शेजारी उभा राहिला. लपायला तिथे पलंग नव्हता.

गॅरेजांच्या गल्लीत एक सीटवाला आहे. बोलण्यात पटाईत. मी अडचण सांगायला तोंड उघडलं तोच म्हणाला, "ताई, काळजी सोडा. अशी मऊ बनवून देतो, आजी वाटेत झोपतील."

"झोपायला नको आहेत. आणि मऊ तर मुळीच नको."

"अहो, सगळे मऊच मागतात."

"बसा मागे," मी म्हणाले.

"कोण, मी?"

मी गाडी सुरू केलीच होती. माझ्या सोफ्याच्या गादीवर त्याला बसवला आणि गल्लीच्या पलीकडच्या खणलेल्या रस्त्यावरून एक फेरी मारून आणला. वाटेत त्याने दोनदा देवाचं नाव घेतलं आणि एकदा माझं. उतरल्यावर कंबर धरून दुकानात गेला, मऊ फोमचा गठ्ठा पायाने बाजूला सारला आणि मागून घट्ट फोम काढला. "बोला," म्हणाला, "कुठून सुरू करायचं?"

खाली घट्ट थर, वर बोटभरच मऊ. पुढची बाजू जाड आणि मागे उतरती ठेवली, म्हणजे सीटचा उतार मारला जाऊन माणूस सपाट बसेल. मागे मधोमध खाच कापली, माकडहाड अधांतरी राहावं म्हणून. रेक्झिन घसरतं, म्हणून वर खरखरीत जाड कापड घेतलं. पट्टे इलॅस्टिकचे नकोत, बकलाचे. मी आणखी एक अट घातली, की खोळीला बाजूने चेन हवी. "कशाला?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "उघडावी लागणार आहे. तुम्ही आमच्या सासूबाईंना ओळखत नाही."

जखम भरली. डॉक्टरांनी परवानगी दिली. पायाचं ड्रेसिंगही आता आठवड्याला एकदाच होतं. मी फोन केला तर मोठे दीर म्हणाले, "अगं, मी विचार करत होतो, आता राहू दे इथंच. तिचा जम बसलाय. मी विचारलं तिला. म्हणते, छान आहे इथं."

"विचारताना आईंकडे बघत होता का दादा?"

"म्हणजे?"

"काही नाही. रविवारी येते."

रविवारी मी गादी बांधून एकटीच गेले. त्यांच्या इमारतीखाली गाड्या लावायची जागा आहे, गार आणि स्वच्छ. मी मोटरसायकल मेन स्टँडवर चढवली. लिफ्टचं दार उघडलं. सासूबाई, एका बाजूला मोठे दीर, दुसऱ्या बाजूला जाऊबाई. केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीचे कपडे. तब्येत सुधारली होती, हे मान्य करायला हवं. पण चेहऱ्यावर काहीच नव्हतं. कपाळाला एक आठी म्हणून नव्हती. त्या आठ्यांची मला किती सवय झाली होती, ते त्या क्षणी कळलं.

"बसून बघा," मी म्हणाले.

मोठ्या दिरांनी आधार दिला. त्या बसल्या, पाय फूटरेस्टवर ठेवले. मी विचारलं, "कशी आहे?"

त्यांनी आधी थोरल्या मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "छान आहे."

माझा ताबा सुटला. "मग उतरा खाली," मी म्हणाले. "छान असेल तर ही गादी मी त्या कचऱ्याच्या डब्यात टाकते आणि घरी जाते. एवढ्या लांब मी छान ऐकायला आलेली नाही."

"अगं, हळू," मोठे दीर म्हणाले. लांबवर पहारेकरी खुर्चीतून अर्धा उठला.

"नाही दादा, मला बोलू द्या. आई, कुठे दुखतंय ते सांगायचं. खोट काढली म्हणून तुम्हाला कोणी परत पाठवणार नाही. मी परत न्यायला आलेय. घरात मला तुम्ही हव्या आहात, आणि किरकिर न करणारी सासू मला नको आहे. ती तुम्ही या दादांना दिलीत ना? ती त्यांच्याकडेच राहू दे."

जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला होता, हसत होत्या की काय ते कळेना. सासूबाईंनी सीटवर थोडं डावीकडे सरकून बघितलं. मग उजवीकडे.

"डावी बाजू उंच आहे," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"आणखी?"

"खाच ठीक आहे. पण बोटभर मागे हवी होती."

"आणखी?"

"ही शिवण कोणी घातली?" आवाज चढला. "टाका बघ, एक लांब, एक आखूड. मांडीला घासतेय. आणि हा पट्टा ढिला आहे. हा रंग कोणी निवडला?"

"रंगाने काय दुखतं?"

"डोळे दुखतात."

मी चेन उघडली. पिशवीतून कटर आणि फोमचे तुकडे काढले आणि तिथेच जमिनीवर मांडी घातली. त्या सीटवरून वाकून बघत होत्या, बोट नाचवत होत्या. तिकडून नाही, इकडून काप. सरळ धर. हात थरथरतो का तुझा? मी उलट उत्तरं देत होते. डावी बाजू छाटली, खाच मागे नेली, पट्टा आवळला. त्या उतरून परत बसल्या, परत उतरल्या. पहारेकरी आता खुर्ची ओढूनच आमच्याकडे तोंड करून बसला होता.

मोठे दीर जिन्याच्या पायरीवर टेकले होते. "आई," ते म्हणाले, "एवढ्या दिवसांत तू इथं एवढं कधी बोलली नाहीस."

"तुमचं काही चुकतच नाही रे," सासूबाई म्हणाल्या. "मी बोलणार काय?"

"म्हणजे तुला जायचं होतं. मग सांगायचं ना."

"तू चांगला आहेस. वाईट वाटलं असतं तुला."

"वाटतंय," ते म्हणाले. पण ते उठले, वर गेले आणि स्वतःच्या हातांनी आईची बॅग खाली घेऊन आले. माणूस चांगला आहे, म्हटलं ना. बॅग मी टाकीवर बांधली. सासूबाईंनी हेल्मेट घालण्याआधी आतून वास घेतला.

मोठे दीर गाडीपाशीच घुटमळत होते. एकदा गादी दाबून बघत, एकदा पट्टा ओढून बघत. "आई, रस्ता लांबचा आहे," ते शेवटी म्हणाले. "वाटेत दुखलं तर?"

सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पकड घट्ट केली.

"दुखलं तर हिला सांगेन," त्या म्हणाल्या.

मी डोळे न पुसताच हेल्मेटची काच खाली ओढली आणि गाडी सुरू केली.